मोहाखाली नाडी

काय सांगू, डॉक्टरांनी काळजी कमी व्हावी म्हणून रोज चालायला आणि हलकं खायला सांगितलं, तर मला चालण्याचीच काळजी लागली. हृदय साथ देईल की नाही, या धास्तीनं सावलीच्या रस्त्यावर मी मनगट धरून नाडी मोजतच चालायचो. एका पहाटे रोज सोबत चालणाऱ्या रहीमभाईंनी मला मोहाच्या झाडाखाली बसवलं. अर्धवट उजेडात फुलं टपटप पडत होती. त्यांनी एक माझ्या तळहातावर ठेवलं.

"खाऊन पाहा, प्रोफेसर."

"साखर वाढेल."

"एका फुलाले काऊन भेता?"

खाल्लं. मग किती तरी वेळ फुलांचं पडणंच ऐकत राहिलो.

"नाडी किती भरली आज?" त्यांनी विचारलं.

"मोजायचीच राहिली. चालू असेल ना?"

"बंद पडली असती तं तुमीच पयले सांगितलं असतं मले."