एस्तरचा मला हेवा वाटायचा

मंडळी, नमस्कार. हॅना, तुला आणि तुझ्या घरच्यांना वेगळा नमस्कार. स्टॅनमोरच्या या हॉलमध्ये मी पुष्कळदा माइक धरलाय, पण एस्तरच्या शोकसभेत बोलायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. सांभाळून घ्या.

सगळे एस्तरबद्दल चांगलं बोलले. मी खरं बोलते. मी तिच्यावर जळायचे.

पंचवीस वर्षं इथे परदेशात आम्ही समोरासमोर राहिलो. मी पुण्याची, माझं मराठी शुद्ध, असा माझा तोरा. ती अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू. पण आपल्या मराठी मंडळाच्या नाटकात मुख्य भूमिका कुणाला? एस्तरला. माझ्या आजारी सासूबाई हाक कुणाला मारायच्या? एस्तरला, कारण ती नर्स. तिचा मलिदा, ते ओल्या खोबऱ्यातले गोड पोहे, माझी मुलं माझ्या शिऱ्यापेक्षा आवडीनं खायची. जळू नको तर काय करू?

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या दारावर कुणीतरी लाल रंगानं ज्यूंना घाणेरडी शिवी लिहून ठेवली. मी खिडकीतून बघत होते. तासाभरात दोन पोलीस आले. दुपारी कौन्सिलची माणसं येऊन दार घासून गेली. आणि मंडळी, माझ्या मनात पहिलं काय आलं? तिची काळजी? नाही. हेवा. त्याआधी आमच्या दारावर अंडी फोडून, "गो होम" ओरडून काहीजण पळाले होते. तेव्हा मी पोलिसांकडे तक्रार केली, तर मला मिळाला फोनवर एक रेफरन्स नंबर. बास.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. एस्तर स्टूलवर उभी. दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे त्यांची प्रार्थनेची छोटी डबी, ती काढत होती. आता आत लावणार म्हणाली, रस्त्यावरून दिसायला नको.

आणि तरीही मी बोललेच. "एस्तर, तुझं बरं आहे बाई. तुझ्यासाठी पोलीस धावत येतात."

ती चिडली नाही. तिनं विचारलं, "सुनीता, देवळात जाताना तुझी पर्स कुणी तपासतं?"

"नाही."

"आमच्या सिनेगॉगच्या गेटवर दर शनिवारी तपासतात. नातवंडांच्या बॅगासुद्धा. घेतेस का माझा पोलीस? देते." मग म्हणाली, "तुझ्या तक्रारीचं काय झालं?"

"काही नाही."

"चपला घाल."

मला ओढत ती पोलीस स्टेशनला घेऊन गेली. काउंटरवरचा ऑफिसर सभ्य होता. म्हणाला, मॅडम, हे जुनं प्रकरण आहे. एस्तर म्हणाली, "माझं आजचं आहे. दोन्ही समोरासमोर ठेवा. आम्हीही तशाच राहतो." माझा जबाब लिहून घेईपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही. ज्या दिवशी तिच्या दारावर शिवी लिहिली गेली, त्याच दिवशी ती माझ्यासाठी भांडत होती.

पुढे काय झालं? महिन्याभरात दोघींना पत्रं आली. दिलगीर आहोत, संशयित सापडला नाही, केस बंद. पोलीस आले होते हे खरं. शिवी लिहिणारा सापडला नाही, हेही खरं. तो कदाचित आजही याच रस्त्यावरून जात असेल.

पत्र वाचून झाल्यावर एस्तरनं ती डबी परत दाराबाहेर लावली. मी स्टूल धरलं होतं. मी विचारलं, "भीती नाही वाटत?" म्हणाली, "वाटते की. स्टूल नीट धर."

त्या हिमतीचाही मला हेवा वाटला. आजही वाटतो.

हॅना, आता तुझा वाटतोय. तुला ती आई म्हणून मिळाली. मला शेजारीण म्हणून मिळाली, आणि त्यातली कितीतरी वर्षं मी जळण्यात घालवली.

आता सगळे उभे राहूया. एस्तरला गप्प बसलेली माणसं आवडायची नाहीत. दोन मिनिटं चालवून घेईल.

एस्तर, तुला माझा नमस्कार.