डिमेलो सरांची सही

कागदांचं काय सांगता मला! नव्वदच्या आसपास मी भाईंदरच्या एका कॉलेजात शिकवायचो. युनिव्हर्सिटीचं सर्क्युलर, प्राचार्यांची नोटीस, मग तिची दुरुस्ती, दिवसभर येतच राहायचं. खाली सगळ्या स्टाफची नावं छापलेली. शिपाई कागद पुढे धरायचा, आम्ही आपल्या नावापुढे सही ठोकायचो. वाचतंय कोण? बाजूचा माणूस नसला तर त्याचीही सही आपणच करायची, हा आमचा शेजारधर्म.

उत्तनचे डिमेलो सर तेव्हा आजारी, रजेवर होते. एका दुपारी प्राचार्य स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"हॉलमध्ये एकटाच बसलोय मी. कुणीच कसं आलं नाही?"

"कशाला, सर?" पाटलांनी विचारलं. डिमेलोंची खुर्ची त्यांच्या बाजूचीच.

"शोकसभेला. डिमेलो सर सकाळी गेले. नोटीस फिरवली ना मी! सगळ्यांनी सह्याही केल्यात."

त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. सह्या खरंच सगळ्यांच्या होत्या. डिमेलो सरांच्या नावापुढेसुद्धा.

"ही कुणी केली?"

पाटलांनी कागद उचलून वाचला.

"मी, सर. त्यांची रोज मीच करतो."