सतराचा पाना

(मरोळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जुनी निळी गाडी पुढून उचललेली. तिच्याखालून निवृत्त हेडक्लार्क कुंडलिक यांचे फक्त पाय दिसतात. शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर त्यांची बायको शकु, हातात त्यांचाच मोबाइल. टळटळीत दुपार.)

शकु : आणि अंगावर आली तर?

कुंडलिक : येत नाही. त्या व्हिडिओत सगळं पद्धतशीर दाखवलंय. तू जरा मागे घे तो. गिअरचं तेल काढतो तिथपासून.

शकु : त्या व्हिडिओवाल्याचं वय बघा, तुमचं बघा. जन्मात घरातला बल्ब बदलला नाहीत कधी, आणि आता डायरेक्ट गिअरबॉक्स उतरवायला निघालात!

कुंडलिक : बल्ब बदलायला घरात माणूस होता.

शकु : मग गाडीला राजेश आहे. तिकडे गॅरेजवर वाट बघतोय तो. टोइंगवाला पाठवू का म्हणून दोनदा फोन आला. हो म्हणू?

कुंडलिक : थांब.

शकु : सकाळपासून थांबच चाललंय. क्लचप्लेट बदलायची, एवढंच ना? गाडी त्याच्याकडे टाकायची नि मोकळं व्हायचं. अख्खी बिल्डिंग गॅलरीतून बघतेय तुमचे पाय.

कुंडलिक : सदर कामासाठी गॅरेजची आवश्यकता नाही, असं माझं मत आहे.

शकु : ऑफिसातली भाषा गाडीखालून बोलू नका. हसायला येतं.

कुंडलिक : हस की मग. किती दिवसांत हसली नाहीस.

शकु : हसते मी.

कुंडलिक : हसतेस. दुपारी गॅलरीत, फोन कानाला लावून. मी झोपलोय असं वाटतं तुला.

शकु : ऐकता होय तुम्ही?

कुंडलिक : शब्द नाही ऐकू येत. तू हसलीस की कळतं कुणाचा फोन आहे. दे, तो चौदाचा पाना दे.

शकु : हा घ्या. बरं कळतं तर मग विचारत का नाही, पोरगं कसं आहे म्हणून?

कुंडलिक : कसा आहे?

शकु : स्वतः विचारा.

कुंडलिक : हा नट निघत नाहीये. हात भरून आला माझा. काय आवळलाय, बापरे!

शकु : राजेश काढेल एका झटक्यात.

कुंडलिक : राजेश नको. आपल्या मिथुननं आवळलाय हा. शेवटचं काम केलं ना गाडीचं, तेव्हाचा. मी उजेडाला बॅटरी धरून बसलो होतो इथंच. एवढी वर्षं गेली, जरासुद्धा ढिला पडलेला नाही बघ.

शकु : अगं बया. म्हणजे त्याच्या हातचा नट दुसऱ्या कुणी खोलू नये म्हणून हे सगळं नाटक?

कुंडलिक : नाटक काय त्यात.

शकु : सत्तरीला टेकलेला माणूस उन्हात उताणा पडलाय, त्याला दुसरं काय म्हणायचं? एवढी आठवण येते तर चौदा एप्रिलला मी म्हणत होते, जाऊ या मढला त्याच्याकडे, तेव्हा तोंड का शिवून बसलात?

कुंडलिक : त्यानं यायला पाहिजे होतं. जयंतीला घरी यायचं असतं.

शकु : कुठल्या तोंडानं? शूटिंगच्या गाड्यांचं काम करून आलेलं लेकरू, भुकेनं थेट ताटावर बसलं. तुम्ही काय म्हणालात?

कुंडलिक : शकु, इथला आवाज वर जातो.

शकु : येऊ दे. 'ते काळे हात घेऊन माझ्या ताटाला शिवू नकोस.' शिवू नकोस! आपल्या घरात, हो! तो शब्द आपल्या घरात कुणी काढायचा?

कुंडलिक : तोंडातून निघून गेला.

शकु : निघून गेला तो शब्द, आणि त्याच्या मागोमाग पोरगं.

कुंडलिक : तुला माझे आबा आठवतात ना? जन्मभर लोकांची गटारं उपसली. घरी आले की आधी नखं घासत बसायचे, दगडानं. माझ्या पुस्तकाला हात लावायचे नाहीत, डाग पडेल म्हणून. लांबूनच म्हणायचे, पान उलट, मला चित्र दाखव. मी ऑफिसात टेबलाशी बसलो ते कुणामुळं? आणि माझा पोरगा, बी.कॉम. झालेला, परत काळे हात करून समोर बसला. त्याच्याकडे बघितलं आणि मला आबाच दिसले.

शकु : आबा दिसले तर ताट पुढं सरकवायचं होतं.

(गाडीखालून पान्याचा खण्ण आवाज.)

शकु : काय झालं? बोला की. लागलं का कुठं?

कुंडलिक : नाही. निघाला नट. पुढचा मोठा आहे, सतराचा पाना दे.

शकु : नाहीये.

कुंडलिक : नीट बघ. तूच तर शिवून दिलीस त्याला ती पिशवी, तुझ्या हिरव्या साडीची. प्रत्येक पान्याला खण आहे.

शकु : बघितलं. सोळानंतर खण रिकामा आहे. बाकी सगळे जागच्या जागी.

कुंडलिक : पडला असेल कुठं.

शकु : त्याची वस्तू पडत नाही. चप्पल कुठं काढायची याचा पत्ता नसायचा, पण पाना कधी हरवला नाही त्यानं. त्यालाच विचारा.

कुंडलिक : तू विचार. तुझं बोलणं आहे त्याच्याशी.

शकु : मी नाही. मेले तरी नाही. बाहेर या आणि लावा फोन. नाहीतर मी राजेशला हो म्हणते आणि हा विषय संपला. मग खोलू दे त्याला सगळे नट.

कुंडलिक : आलो, आलो. हात दे जरा... कंबर गेली. अरे, हा फोन बोट का धरत नाहीये?

शकु : बोटं बघा स्वतःची! काळी कुळकुळीत. फोन काय धरणार? पुसा सदऱ्याला.

कुंडलिक : पांढरा आहे सदरा.

शकु : पुसा म्हणते ना! हां. आता नंबर सापडतोय का, का मी...

कुंडलिक : पाठ आहे मला नंबर.

शकु : स्पीकरवर टाका. मलाही ऐकायचंय.

मिथुन : हॅलो... पप्पा?

कुंडलिक : हां.

मिथुन : जय भीम, पप्पा.

कुंडलिक : जय भीम. जय भीम, बाळा.

मिथुन : आई बरी आहे ना? काय झालं? तुमच्या नंबरवरून फोन म्हणजे...

शकु : मी ठणठणीत आहे रे. हे बघ काय सांगतात ते.

कुंडलिक : आपल्या गाडीची क्लचप्लेट गेली. मी घरीच बदलतोय. गिअरबॉक्स उतरवणार आहे. तर तुझ्या पिशवीत सतराचा पाना दिसत नाहीये, त्याविषयी विचारायचं होतं.

मिथुन : तुम्ही? गिअरबॉक्स? एक मिनिट. गाडी कशावर उचललीय?

कुंडलिक : जॅकवर. आणि आधाराला विटा लावल्यात.

मिथुन : विटा? पप्पा, बाहेर या आधी. आत्ताच्या आत्ता बाहेर या!

कुंडलिक : बाहेरच आहे मी.

मिथुन : वीट फुटते, पप्पा. आवाजसुद्धा देत नाही, एकदम बसते. इथं एकाचा पाय गेला असता. आणि बॉक्स सुटला की सगळं वजन थेट छातीवर येतं, एकट्याचं काम नाही ते. आई, तू कशाला जाऊ दिलंस?

शकु : माझं ऐकतंय कोण? तुझंच ऐकतील म्हणून तर फोन लावायला लावला.

मिथुन : हात लावू नका आता गाडीला. प्लीज. वाट लागेल फुकटची.

कुंडलिक : नाही लावत. पण पाना?

मिथुन : माझ्याकडे आहे तो.

कुंडलिक : तुझ्याकडे?

मिथुन : त्या दिवशी निघताना खिशात घातला. एकच.

कुंडलिक : अख्खी पिशवी न्यायची होतीस की. तुझीच होती.

मिथुन : अख्खी नेली असती तर परत यायला काही राहिलं नसतं. वाटलं, एक पाना असू दे. कधीतरी द्यायला म्हणून येता येईल. मग दोनदा आलो पण, वर्सोव्याच्या धक्क्यापर्यंत. फेरीबोटीतून उतरलो, चहा प्यायलो आणि परत गेलो.

शकु : हे मला नाही सांगितलंस कधी!

मिथुन : रडली असतीस ना.

शकु : आता काय हसतेय का मी?

कुंडलिक : सतराचा पाना कुठल्याही दुकानात मिळतो म्हणे.

मिथुन : मिळतो. मरोळ नाक्यावर पण मिळेल.

कुंडलिक : हं. पण मी नाही घेणार. तो खण त्या पान्याच्या मापाचा शिवलाय. राजेशला नको म्हणून सांगतो. गाडी राहू दे अशीच. मला काय, कुठं जायचंय? ज्याचं काम त्यानं करावं. मी बॅटरी धरेन.

मिथुन : हात हलतो तुमचा बॅटरी धरताना. नेहमी उजेड भलतीकडेच असायचा.

कुंडलिक : मी तुझ्याकडे बघत असायचो रे. नटाकडे कशाला बघू?

शकु : मिथुन, मला तुला बघायचंय. बाकी मला काही कळत नाही. आज ये.

मिथुन : एका व्हॅनचं इंजिन खोललंय, आई. तेवढं बसवतो, मग फेरी पकडतो. पुढं मेट्रो आहेच. जेवायला पोचतो. आधी खोलीवर जाऊन हात स्वच्छ करतो, साबणाला दाद देत नाही हे ग्रीस, वेळ लागेल थोडा.

कुंडलिक : नको. धुवायला थांबू नकोस.

मिथुन : खूप काळे आहेत, पप्पा.

कुंडलिक : तसाच ये. माझ्याच ताटात जेव.