आभाळाच्या दारातल्या चपला

आमच्या आईनं बहरीनला लावलेली शिस्त तुम्हाला सांगितली की नाही? व्हिजिट व्हिसावर साताऱ्याहून आली होती, तेव्हा तिला मनाम्यातल्या एका संग्रहालयात ताऱ्यांचा शो बघायला नेलं. मोठा घुमट, आत गालिचा. आईनं दारातच चपला काढल्या.

माझ्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आजी, इट्स नॉट अ टेम्पल!"

"आत आभाळ आहे ना? मग आभाळात काय चपला घालून जायचं?"

मी तिला दटावणार, तोवर मागच्या बहरिनी आजोबांनी मान डोलावली आणि आपले सँडल काढले. त्यांचं बघून अख्ख्या रांगेनं काढले. तिकीट तपासणारी मुलगी आधी गोंधळली, मग तिनंही बूट काढले.

परवा तिथल्या पुढच्या कार्यक्रमांचं पत्रक आलं. मुलांचा शो, व्याख्यान, दुर्बिणीतून चंद्र, आणि खाली ठळक अक्षरांत, 'पादत्राणं बाहेर काढावीत.' ऑफिसातून आल्या आल्या मी आईला व्हिडिओ कॉल लावून ते वाचून दाखवलं.

"बघ, परकी माणसं ऐकतात," आई म्हणाली. "आणि तू सोफ्यावर बूट घालून बसलायस, ते दिसतंय मला!"