बेशरमाकडचा कोपरा

नाई नाई, बोटं अशी ताठ नोको ठेवू माय — शिंगी मासोळीचा काटा बसला तं दिवसभर कन्हत राहशीन. ढिले ठेव. हां, असे. गाळात हात घालाचा तं हळूहळू चाचपत, दोन्ही हात सामोरासामोर आनाचे — मरळ मधात सापडते, मंग डोक्याजवळ धराची. जाळं मानसायचं, आमच्या बायका अशाच धरतेत. तुमचा दाढीवाला साहेब म्हने, कुंताबाई, आमच्या हिरोइनले शिकवून द्या, उद्या तिचं पान्यातलं शूटिंग आहे. म्हनून तं बसवलं तुले या तलावाच्या पाळीवर.

दोन सालापासून येऊन राह्यला तो माह्याकडे. चा पेते, इचारते — माही पोरगी आचल गेल्यावर काय केलं, कशी राह्यली. बिना गान्याचा पिच्चर, बिना मारामारीचा — कोन पाह्यन व? पन सांगितलं मी. काऊन नाई सांगू? एवढ्या सालात कोनी इचारलं तं होतं. पन त्यानं कहानी आपल्याच मनानं केली. त्यात बाईची पोरगी तलावात बुडते, मंग बाई पान्याकडे पाहतच नाई, भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडते, अन आखरीले पान्यात उतरून हासते. तूच हासशीन ना उद्या? अवं, आम्ही ढिवर लोक, खाटेवर पडाले कोनाले फुरसद आहे? तिसरा झाला अन मी उतरली पान्यात. लोकं म्हनत, काय बाई आहे, हिले काईच नाई वाटत. म्हनत तं म्हनत.

पन एक सांग त्याले — तुह्यं ऐकते तो — त्या बेशरमाच्या झुडपाकडच्या कोपऱ्यात तुले नोको उतरवू म्हना. उजेड चांगला येते म्हनते तिथी. उजेड काय, इकडं धुन्याच्या गोट्याजवळही येते. तिकडं खोल आहे, साप राहतेत... अशी काऊन पाहतं माह्याकडे? बरं, साप नाई. सापाचं असंच नाव घेतलं.

आचल तिथीच गेली. मी पान्यात होती, ती पाळीवर सिंगाडे सोलत बसली होती, अन तोंडाची बडबड चालू — आई, मासा भेटला का, आई, मोठा का लहान. मंग बडबड बंद झाली. मांगं पाह्यलं तं टरफलं तेवढी होती. तिच्या बापानं, लहानूनं, बाहेर काढली तं एका पायात तोरडी होती, एका पायात नाई. चांदीच्या होत्या, घुंगराच्या, मामानं घेतलेल्या. एक तशीच पायात ठेवून पोरगी मातीले देली. दुसरी पान्यात राह्यली. तवापासून मी तिथीच उतरते. मासे भेटतेत, नाई असं नाई — पन मी काई मासे चाचपत नोहती माय. लहानू म्हने, तुह्यं डोकं फिरलं. मी म्हटलं, पोरीचा एक पाय उघडा आहे, तोरडी भेटली का येते वर, मंग नाई जात.

साहेबाले हे नाई सांगितलं. तुलेही नोहतं सांगाचं. तुह्ये हात हातात घेतले ना शिकवाले, लहानसे आहेत, गार आहेत — म्हनून आलं तोंडातून.

भेटली व. गेल्या उन्हाळ्यात, पानी आटलं तवा. दोन बोटात आली, माशावानी सटकली नाई, चुपचाप राह्यली. घुंगरात गाळ भरला होता, वाजली नाई. कोनाले हाक नाई मारली मी. पदरात बांधून घरी नेली असती, लहानूनं देवाजवळ ठेवली असती, उदबत्ती लावली असती — अन मंग? मंग मी सकाळी उठून कोनाकडे जाऊ? तू सांग. ठेवून देली तिथीच. निजलेल्या लेकरावर पांघरून ओढतो तसा गाळ ओढला वरून.

रडू नोको, तोंडाचा रंग जाईन तुह्या. तो पाह्य, साहेब हात करून राह्यला. तो काई आपला कोपरा सोडाचा नाई, मले माहीत आहे. मंग एक करजो. उद्या हाताले घुंगरावानी काई लागलं तं काढू नोको. दाखवू नोको कोनाले. वरून हात फिरवजो, अन सोडून देजो.

जा माय, बलावून राह्यले तुले.