जे सापडलं नाही, त्याचा सत्कार

सन्माननीय अध्यक्ष श्रेणिकराव चौगुले, व्यासपीठावरील मान्यवर आणि थेट कळंब्याहून आलेल्या बंधुभगिनींनो,

प्रथम एक गंभीर तक्रार. टेबलावरचा पुष्पगुच्छ इतका भव्य आहे, की त्यामागचे अध्यक्ष दिसत नाहीत. अधूनमधून खोकला ऐकू येतो, त्यावरून ते आहेत असं अनुमान करावं लागतं. पण आजच्या सत्कारमूर्तीचं, आपल्या संघप्रियाचं शास्त्र याच धर्तीचं! विश्वातलं बरंचसं द्रव्य दिसत नाही. त्याच्या ओढीने दीर्घिका फिरतात, म्हणून ते आहे म्हणायचं. हे कृष्णद्रव्य. सारं विश्व सूक्ष्म तंतूंचं बनलंय असं मानणारा एक सिद्धान्त त्याचे कण कसे असावेत ते सुचवतो. ते शोधायला ही शिकागोजवळच्या यंत्रात कणांची टक्कर लावायची. उडालेल्या तुकड्यांचा तोल एका बाजूला कमी भरला, तर तिकडून कुणीतरी न दिसता निसटलं!

चार वर्षं तिने शोधलं. मी वार्ताहर, मी छापलं, ‘कळंब्याच्या कन्येला कृष्णद्रव्य सापडले’. मागचा फलक त्यावरूनच रंगवलाय. तिसऱ्या दिवशी तिचे वडील धम्मपालराव माझ्या दारात.

“सायेब, पोरगी म्हणत्या, काय बी सापडल्यालं न्हाय.”

मी तिला फोन लावला. “अगं, हॉल ठरलाय!”

“मग हॉलातच खरं सांगा की, काका. न्हायतर मी खुर्चीवर बसणार न्हाय.”

म्हणून ती मघापासून उभी आहे. तर ऐका : बातमी चुकीची होती, चूक माझी. तिला कृष्णद्रव्य सापडलेलं नाही. संघप्रिया, आता बसशील?

बसली!

मागच्या रांगेतून आकारामदादा विचारतायत, “मग हार कशाचा, ओ?” रास्त प्रश्न. ते कण जिथे असू शकले असते, त्यातली एक जागा तिने पिंजून काढली आणि तिथे ते नाहीत हे दाखवलं. आपले प्राचीन मीमांसक तत्त्ववेत्ते अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानतात : जमिनीवर घडा नाही, हे तो न दिसण्यातूनच कळतं. अट एकच, दिवा लावलेला हवा. हिने दिवा लावला! कोल्हापूरशेजारच्या कळंब्याच्या मुलीने साऱ्या जगाला ठणकावून ‘नाही’ सांगितलं. वाजवा टाळ्या! अजून! अध्यक्षांनीही वाजवल्या, ऐकू आल्या.

गुरुवारी ती जिनिव्हाच्या नव्या, कितीतरी मोठ्या यंत्रावर चालली. आपण आलात, ऐकलंत, आभारी आहे. माझ्या बातमीसकट सगळं कमीजास्त पोटात घाला.

काळजी एकच आहे. कृष्णद्रव्य सापडणार नाही, याची नव्हे. दहा वर्षांनी ती पुन्हा ‘नाही’ घेऊन आली आणि मी पहिल्यापासून खरीच बातमी छापली, तर हा हॉल भरेल का, हे मला माहीत नाही.