नाव घातलेला डबा

तनुजा : मी हात वर केला होता. दिसला नाही का तुम्हाला?

सर्जेराव : दिसला.

तनुजा : मग थाळीवाल्याला परत का पाठवलं? बिचारा ताट काढायला वाकला पण होता.

सर्जेराव : आत्ता कुठं रेल्वेनं चिकलठाणा सोडलं. गच्चीवर वाळत घातलेली तुझी साडी दिसली मला खिडकीतनं. अन् तुला लगेच थाळी पायजे?

तनुजा : हौ, पाहिजे. दीड वर्ष झालं लग्नाला, पहिल्यांदा कुठं तरी निघालोय आपण. छावणीत माहेरी सगळ्यांना सांगून आले, हैदराबादला चाललोय म्हणून. वहिनीनं विचारलं, काय काय खाणार? मी म्हटलं, जे दिसेल ते.

सर्जेराव : खा की. तिथं गेल्यावर बिर्याणी खा. मी बसतो तुझ्यापाशी.

तनुजा : बसतो? म्हणजे मी खाणार आणि तुम्ही समोर बसून माझं तोंड बघणार?

सर्जेराव : मला दशमी हाय ना. तीन दिवस पुरती. परवासात खाण्यावर पैसा घालवायचा म्हंजे नुसता धूर करायचा. सुरेखानं बारा वर्सांत कधी मला बाहेरचं खाऊ दिलं नाय. कंपनीच्या पंपाच्या दुरुस्तीला मी पार लातूर, उदगीर, बिदरपर्यंत जायचो. चार-चार दिवस. चवथ्या दिवशी बी तिची दशमी—

तनुजा : कापसासारखी मऊ.

सर्जेराव : व्हय. मऊच.

तनुजा : आलं नाव. मी मनात म्हणत होते, जालना यायच्या आत येतंय का बघू. जालन्याला अजून अर्धा तास आहे.

सर्जेराव : तू इचारलं म्हणून बोललो.

तनुजा : मी थाळीचं विचारलं होतं. अहो, मी पोळी केली की सुरेखाताईंची पातळ असायची. मी वरण केलं की त्यांची फोडणी खमंग असायची. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा फडताळ उघडलं, तर वाटीपासून पातेल्यापर्यंत सगळ्या भांड्यांवर त्यांचं नाव घातलेलं. सौ. सुरेखा सर्जेराव. मी त्यांच्याच नावात भात शिजवते, त्यांच्याच नावातून पाणी पिते. आत्ता तुमच्या मांडीवर आहे तो डबा, त्याच्या झाकणावर काय लिहिलंय?

सर्जेराव : लग्नातला डबा हाय तो. नाव तर असणारच.

तनुजा : माझ्या लग्नात आलेले डबे माळ्यावर आहेत. कागद पण काढला नाही तुम्ही.

सर्जेराव : बरं, उद्या काढू. आता जेवायचं का? लोकं बघायलेत.

तनुजा : बघू द्या. उघडा डबा. चटणी त्या छोट्या बरणीत आहे. घ्या, दशमी घ्या.

(तो एक घास तोडतो. तोडायला जोर लागतो. बराच वेळ चावत राहतो.)

तनुजा : काय झालं? आज नाही म्हणालात, तिच्यासारखी जमली नाही म्हणून.

सर्जेराव : ही कुणी शिकवली तुला?

तनुजा : का?

सर्जेराव : इचारतोय ते सांग. कुणी शिकवली?

तनुजा : आवडाबाईंनी.

सर्जेराव : कोण आवडाबाई?

तनुजा : किती आवडाबाई आहेत तुमच्या? तुमच्या पहिल्या सासूबाई. देवगाव रंगारीच्या. सोनियाकडून नंबर घेतला मी, कारण तुमची लेक आजीशी बोलते ना अधूनमधून. परवा दुपारी तुम्ही कामावर होतात, तेव्हा फोन लावला.

सर्जेराव : तू तिच्या आईला फोन केला? सवतीच्या आईला?

तनुजा : केला. लाज गुंडाळून ठेवली आणि केला. दीड वर्ष ऐकतेय मी ती दशमी. म्हटलं, प्रवासाला निघालोय, डोक्यात पुन्हा तेच सुरू होणार, तर एकदा तिची रीत शिकून घेऊ. मी म्हटलं, आई, मी तनुजा. सुरेखाताई दशमी कशी करायच्या ते सांगता का? त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

सर्जेराव : चेष्टा?

तनुजा : आधी हसल्या त्या. पोट धरून हसल्या, खोटं नाही सांगत. म्हणाल्या, बाई, माझ्या लेकीला सगळं येत होतं, येत नव्हती ती दशमी. दूध निवू द्यायचीच नाही. उकळतं पिठात ओतायची, मळलं न मळलं की लाटायला घ्यायची. लहानपणापासून धीर म्हणून नव्हता तिला. तिच्या बापानं एकदा दशमी भिंतीवर मारली होती म्हणे, तर पोपडा पडला. मग हसता हसता रडल्या. खूप वेळ रडल्या. मी फोन धरून बसले.

सर्जेराव : काय म्हणाली रडताना?

तनुजा : तुमचंच. म्हणाल्या, जावई लई देवमाणूस, बारा वर्षं एका शब्दानं बोलला नाही, उलट आमच्या घरी येऊन कौतुक करायचा.

सर्जेराव : झाक तो डबा.

तनुजा : नाही झाकत. मी दोन तऱ्हेच्या केल्यात. पिशवीत खाली पांढऱ्या फडक्यात माझ्या आहेत. गार दुधात मळलेल्या, तूप लावलेल्या. आणि डब्यात तिच्या. जशा त्या म्हणाल्या तशाच, उकळतं दूध ओतून. डबा तिच्या नावाचा, म्हटलं आत पण तिचंच असू द्या. मला बघायचं होतं तुम्ही काय म्हणता. ओळखता का नाही.

सर्जेराव : वळखली.

तनुजा : ते दिसलंच. तुमचा चेहराच उतरला. आता मला एक सांगा. ती खरंच मऊ असती, तर बरं झालं असतं. मी शिकले असते, हात भाजून घेतले असते, कधी तरी तिच्याहून चांगली केली असती. पण एवढी वाईट दशमी, आणि तुम्ही दीड वर्ष तिला कापूस म्हणताय. जिचं वाईटसुद्धा तुम्हाला गोड लागतं, तिच्यापुढं मी काय करू? जळते मी. मेलेल्या बाईवर जळते, माझी मलाच घाण वाटते, पण जळते.

सर्जेराव : गोड नव्हती लागत.

तनुजा : मग?

सर्जेराव : म्या ती कधी खाल्लीच नाय.

तनुजा : म्हणजे?

सर्जेराव : निघताना तिच्यासमोर एक घास खायचो. लई झ्याक झाली म्हणायचो. ती खुश व्हायची. अन् जालन्याला उतरलो की ठेसनाबाहेर गाई असायच्या, त्यांना घालायचो समद्या. हातानं मोडताना कशी कडक लागायची, ते हाताला म्हाईत हाय माझ्या. आत्ता तुझी मोडली अन् हातालाच आधी कळलं.

तनुजा : आणि जेवायचात काय?

सर्जेराव : हाटेलात. कंपनीचा भत्ता मिळायचा ना. मस्त थाळी, कधी मटण. मला बाहेरचं लई आवडायचं, तनुजा. तुला आवडतं त्याच्याहून जास्ती.

तनुजा : आणि त्यांनी भत्त्याचं विचारलं नाही कधी?

सर्जेराव : इचारलं. म्या सांगितलं, कंपनीनं भत्ता बंद केला. तर ती आणखीन जास्ती बांधायला लागली. आधी आठ करायची, मग पंधरा करायला लागली. माझ्या मालकाला उपास नको घडायला म्हणायची. पहाटं चारला उठून.

तनुजा : बाई गं.

सर्जेराव : शेवटच्या खेपंला तिला ताप होता. म्या म्हटलं, राहू दे. तरी उठली. भिंतीला टेकून लाटल्या. ह्याच डब्यात घातल्या. तिला वाटलं साधा ताप हाय, मला बी तसंच वाटलं. जालन्याला उतरलो अन् गाईपुढं डबा पालथा केला. तिसऱ्या दिवशी परभणीत हाटेलात बसलो होतो, ताट पुढं आलं होतं, अन् सोनियाचा फोन आला. घरी पोचलो तवर काय राहिलं नव्हतं.

तनुजा : हे तुम्ही कुणाला सांगितलंय?

सर्जेराव : कुणाला सांगू? आवडाबाई मला देवमाणूस म्हणती. सुरेखा गेल्यावर म्या फिरती सोडली, कंपनीत आतलं काम मागून घेतलं. चार वर्सं झाली. हाटेलात बसलं की घास गिळवत नाय. तू म्हणती मी चिंगूस हाय. हाय म्हण. पैशासाठी नाय गं ते.

तनुजा : आणि माझ्यासमोर ते कापूस, कापूस?

सर्जेराव : तिला खोटं बोललो ते खरं करायला बघत होतो. तुझ्या जिवाला लागत असंल, हे ध्यानातच नाय आलं.

तनुजा : दीड वर्ष ध्यानात नाही आलं?

सर्जेराव : आलं असंल. पण बोलून गेलं की तिला दिल्यासारखं वाटायचं काय तरी.

तनुजा : मला वाईट वाटतंय त्यांचं. आणि अजून पण जळतेय. दोन्ही एकदम होतंय, काय करू?

सर्जेराव : तुझ्या सैपाकाचं मी कधी खोटं नाय बोललो. परवाचं वरण खारट होतं तर खारट म्हणालो.

तनुजा : हे कौतुक आहे का?

सर्जेराव : माझ्याकडं तेवढंच हाय.

तनुजा : बरं. मग आता खरं सांगा. ही डब्यातली कशी आहे?

सर्जेराव : चामडं हाय.

तनुजा : द्या इकडं. बाहेर टाकते. फडक्यातल्या मऊ काढते तुम्हाला.

सर्जेराव : राहू दे. तुझ्या सकाळी खाऊ. ही खातो मी आज. हैदराबाद लांब हाय, चावायला येळ हाय.

तनुजा : सगळी?

सर्जेराव : सगळी.

तनुजा : अर्धी इकडं मोडा. तिची दशमी एकट्याला नाही खाऊ देणार मी तुम्हाला.